सामना संध्याकाळचा, चूल आदल्या रात्रीची

पिकअपच्या उघड्या फाळक्यावर पाय हलवत बसून मी अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा समजून घेतला. सामना सुरू व्हायला तेव्हा सात तास होते.

एम.एस.साठी टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावी, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास लायब्ररीकडे निघालो, तर रोजचं पार्किंग ओळखू येईना. जत्रेत पालं पडावीत तसे मरून रंगाचे मांडव दाटीवाटीने उभे, मधूनमधून जनरेटरची घरघर, आणि सगळ्यावर ओकच्या लाकडाचा गोडसर धूर. एका पिकअपजवळ साठी ओलांडलेले एक काका आडव्या पिंपासारख्या भट्टीचं झाकण उघडून आत डोकावत होते. मी बघतोय म्हटल्यावर "हाउडी!" म्हणाले आणि सरळ कागदी प्लेट पुढे केली. मी शाकाहारी आहे म्हणालो, तर त्यांचा चेहरा खरोखर पडला. मग त्यांनी बीन्स वाढले. बीन्समध्ये बेकन निघालं. शेवटी माझ्या वाट्याला कणीस, चिप्स आणि वितळलेल्या चीजची वाटी आली. पण बसायला जागा मिळाली आणि सात तासांची शिकवणी फुकट.

मी विचारलं, "तुमची सीट कुठे आहे?" तर म्हणाले, माझी दोन तिकिटं मुलगी आणि जावई वापरणार; मी इथेच बसून टीव्हीवर बघणार, भट्टी कोण सांभाळेल? स्टेडियम समोर दिसत होतं. हा माणूस तीन तास गाडी चालवून आला होता, पार्किंगमध्ये बसून टीव्ही बघायला. त्या दिवशी मला हा निव्वळ वेडेपणा वाटला. हा लेख त्या वेडेपणाबद्दल आहे.

आधी शब्द. टेम्पो-पिकअपच्या मागे खाली पडणारा जो फाळका असतो, त्याला इंग्रजीत टेलगेट म्हणतात. तो आडवा पाडला की आयतं टेबल तयार होतं. त्यावर खाणं मांडायचं, शेजारी शेगडी पेटवायची आणि सामन्याआधी कित्येक तास स्टेडियमबाहेर मित्र-नातेवाइकांसोबत खात-पीत बसायचं, याला टेलगेटिंग म्हणतात. (पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून गाडी हाकण्यालाही तिकडे हाच शब्द आहे. त्याचा इथे संबंध नाही.)

सुरुवात कुणी केली, यावर प्रत्येक गावाचा आपापला दावा असतो. काही जण तर गोष्ट थेट १८६१ पर्यंत नेतात. अमेरिकी यादवी युद्धातली बुल रनची लढाई बघायला वॉशिंग्टनहून लोक खाण्याच्या टोपल्या घेऊन गेले होते. ते गेले होते हे खरं, पण त्याला टेलगेटिंग म्हणणं म्हणजे ओढूनताणून वंशावळ लावणं. दोन कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. रटगर्स ६-४ असं जिंकलं. तेव्हाचा खेळ आजच्यापेक्षा आपल्या ओळखीच्या फुटबॉलला जवळचा होता. घोडागाडी गेली, मोटार आली, दुसऱ्या महायुद्धानंतर मागे दार असलेल्या लांबलचक स्टेशन वॅगन घरोघरी आल्या, आणि मग या प्रकाराला खरं अंग आलं. बाकी शोध लावत बसण्यात अर्थ नाही. गाडी आणि भूक एका ठिकाणी आल्या की हे होणारच होतं.

खरा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं कॉलेजच्या सामन्यांभोवती का? आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा बघायला खेळाडूंचे मित्र जातात, फार तर एखादी आई. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. म्हणजे तीन वानखेडे भरून वर थोडे उरतील. करोनाचं २०२० सोडलं, तर १९७५ च्या नोव्हेंबरपासून तिथे एकही घरचा सामना लाखाच्या आत प्रेक्षकांत झालेला नाही. लाखावर क्षमता असलेली अशी आठ कॉलेज स्टेडियमं त्या देशात आहेत. व्यावसायिक एनएफएल संघाचं एकही नाही.

कारण नकाशात आहे. एनएफएलचे संघ ३२, आणि ते मोठ्या शहरांत. अलाबामा, मिसिसिपी, आयोवा, नेब्रास्का या राज्यांत एकही नाही. तिथल्या माणसाला आपला म्हणावा असा संघ एकच, राज्याच्या विद्यापीठाचा. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन गावची वस्ती सतरा-अठरा हजार आणि स्टेडियम ऐंशी हजारांवर माणसांचं. सामन्याच्या दिवशी गावात गावापेक्षा चौपट माणूस. त्यातले कितीतरी जण त्या कॉलेजात कधी शिकलेलेही नसतात. बाप यायचा, म्हणून मुलगा येतो.

दुसरं कारण माजी विद्यार्थी. अमेरिकेत अठराव्या वर्षी घर सोडून चार वर्षं कॅम्पसवर राहायचं, ही अनेकांच्या आयुष्यातली एकुलती एक गावकी असते. मग नोकरी, बदल्या, माणसं पांगतात. परत एकत्र येण्याचं निमित्त म्हणजे शरद ऋतूतले हे शनिवार. वर्षाला घरचे सामने सहा-सातच. दुर्मीळ असल्यामुळेच त्यांना सणाचं मोल आहे. आयपीएलसारखा रोज संध्याकाळी सामना असता, तर रात्रभर मांस भाजत कोण बसलं असतं?

आणि रात्रभर म्हणजे खरंच रात्रभर. काकांच्या भट्टीत होतं ते ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस. सहा किलोच्या आसपासचा तुकडा. हा भाग चिवट. झटपट भाजला तर चामडं होतं. म्हणून ११० अंशांच्या आसपास, मंद धुरावर बारा-चौदा तास ठेवायचा. त्यातली गंमत अशी, की आतलं तापमान चढत चढत सत्तरीच्या आगेमागे येतं आणि तिथे अडतं. तास गेले तरी काटा हलत नाही. मांसातून सुटणारं पाणी वरून वाफ होऊन उडत असतं आणि तेच त्याला थंड ठेवतं, आपल्याला घाम गार करतो तसं. नवशिका इथे घाबरून आच वाढवतो आणि सगळं घालवतो. जुना माणूस तुकडा जाड कागदात गुंडाळतो, खुर्ची ओढतो आणि वाट बघतो. पंच्याण्णवच्या आसपास पोचलं की चिवट धागे विरघळून मांस हाताने सुटतं. मी न खाणारा माणूस. पण रात्री दोनला शेगडीपाशी बसून ही वाट बघणारे चौघे जण चाळीस वर्षांचे मित्र असतील, तर ते तिथे मांस भाजायला आलेले नसतात, इतकं मलाही कळलं.

जागेप्रमाणे चूल बदलते. लुइझियानात बॅटन रूजला, लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) स्टेडियमबाहेर, जांबालाया हा भात आणि गंबो हा रस्सा एवढाल्या काइलींमध्ये शिजतात की ढवळायला वल्ह्यासारखा चाटू लागतो. प्रतिस्पर्ध्यालाच ताटात वाढायची तिथली खोड आहे. फ्लोरिडाच्या संघाचं बोधचिन्ह मगरीच्या जातीचं. तो संघ आला की तिथे तोच प्राणी निखाऱ्यावर. टेनेसीमध्ये नॉक्सव्हिलचं स्टेडियम नदीकाठी आहे. १९६२ मध्ये जॉर्ज मूनी नावाचे रेडिओ समालोचक रहदारी चुकवायला छोट्या होडीतून आले. आज सामन्याच्या दिवशी नदीत बोटींची रांग लागते आणि त्या ताफ्याला 'व्हॉल नेव्ही' म्हणतात. फाळक्याच्या जागी डेक, बाकी सगळं तेच.

सगळ्यात नटवं टेलगेटिंग मिसिसिपी विद्यापीठात, ऑक्सफर्ड गावी. कॅम्पसच्या मधोमध दहा एकरांची जुन्या झाडांची राई आहे, तिला 'द ग्रोव्ह' म्हणतात. तिथे उघड्या आगीला मनाई, त्यामुळे शेगड्या नाहीत. तळलेलं चिकन घरून येतं आणि चांदीच्या तबकात मांडलं जातं. मांडवात झुंबरं टांगलेली असतात. झुंबरं, हो. पुरुष टाय लावून, बायका उंच टाचांत, आणि पायाखाली गवत. पूर्वी गाड्या आत यायच्या. चिखल होऊन राईची दैना व्हायला लागली, तेव्हा १९९१ पासून गाड्या बंद झाल्या. म्हणजे टेलगेटिंगची पंढरी म्हणवणाऱ्या जागेत आज एकही टेलगेट नाही. सामन्याच्या आधी खेळाडू याच राईतून, लोकांच्या गर्दीतल्या वाटेने स्टेडियमकडे चालत जातात. तिथली माणसं स्वतःच सांगतात की सामना आम्ही हरू कधी कधी, पार्टी आजवर हरलेलो नाही.

त्याच राईचा दुसरा इतिहासही सांगायला हवा. याच विद्यापीठात १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल झाली, दोन माणसं मेली. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या सामन्यांत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे झेंडे फडकत राहिले. झेंड्यावर सरळ बंदी घातली तर ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येईल, म्हणून १९९७ मध्ये विद्यापीठाने स्टेडियममध्ये काठ्या आणायलाच मनाई केली. काठी नाही तर झेंडा कशाला लावणार? परंपरा हा शब्द तिकडेही आपल्यासारखाच वापरला जातो, कधी प्रेमाने आणि कधी काहीतरी झाकायला.

आता पार्किंगचा हिशेब, कारण भावनेच्या खाली तो आहेच. स्टेडियमला खेटून असलेली जागा सहसा नुसत्या पैशांवर मिळत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा निधीला वर्षानुवर्षं देणगी द्यायची, त्याचे गुण साठतात, गुणांप्रमाणे पार्किंगची जागा आणि सीटचा क्रम लागतो. त्यामुळे जागा हाच मानाचा बिल्ला होतो. कोण कुठे उभा आहे त्यावरून त्याचं विद्यापीठाशी नातं किती जुनं, किती खोल, आणि खिसा किती खोल, ते कळतं. ज्यांना ते जमत नाही ते लांब लावतात. मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, स्टेडियमभोवतालचे रहिवासी आपल्या घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावू देतात आणि दिवसाला भाडं घेतात.

दारूचाही यात मोठा वाटा आहे. अनेक कॉलेज स्टेडियमांत ती विकायला वर्षानुवर्षं बंदी होती. आग्नेयेकडच्या बलाढ्य एसईसी गटाने सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी बिअर आणि वाइन विकायची मुभा आपल्या विद्यापीठांना २०१९ मध्ये दिली, तीही सामन्याच्या चार टप्प्यांपैकी तिसरा संपेपर्यंतच. आत मिळत नाही म्हटल्यावर लोक बाहेर काय करणार? बंदीने स्टेडियम कोरडं ठेवलं आणि पार्किंग ओलं केलं. ज्याचे पाय आधीच लटपटत असतात अशा माणसाला आत सोडायचं की नाही, हे दारावरच्या पोराने ठरवायचं.

इथवर झाला बाहेरचा मामला. आता आत.

अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला एकच प्रश्न पडतो, की हे थांबतात का सारखे? नियम थोडक्यात सांगतो. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा. मग सगळे थांबतात, पुढची चाल ठरते, रांग लागते. घड्याळातला एक तास असा ताणला जाऊन साडेतीन तास होतो, आणि त्यात टीव्हीच्या जाहिराती.

प्रेक्षकाचं काम सुरू होतं ते या थांबण्यात. चाल सुरू होण्याआधी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेणारा सूत्रधार, आपल्या गड्यांना ओरडून सूचना देतो. समोरच्यांची मांडणी बघून ऐनवेळी चाल बदलतो. तेव्हा लाखभर माणसं एकदम ओरडली तर त्याचा आवाज दोन हातांवरच्या गड्यालाही ऐकू जात नाही. एखादा गडी चुकून आधीच हलला की पाच यार्डांचा दंड. चाल ठरवता ठरवता वेळ संपली, तरी पाच यार्ड. ते पाच यार्ड प्रेक्षकांनी मिळवलेले असतात, गुणफलकावर दिसत नाहीत इतकंच. म्हणून पाहुणा संघ आठवडाभर मोठमोठे कर्णे लावून सराव करतो आणि आवाजाऐवजी पायाच्या खुणेवर चेंडू सोडायला शिकतो. २०२४ पासून प्रशिक्षकाला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओवरून बोलता येतं, पण चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढे पुन्हा घसा आणि कान.

आणि चेंडू आपल्याकडे असला की? चिडीचूप. नवखा माणूस इथेच पकडला जातो. मी माझ्या पहिल्या सामन्यात आपला संघ चेंडू घेऊन उभा असताना जीव तोडून ओरडलो. शेजारच्या मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गाण्याच्या बैठकीत मोबाइलवर बोलतोय.

आवाजाची ताकद मोजली गेल्याचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ८ ऑक्टोबर १९८८, एलएसयू विरुद्ध ऑबर्न. शेवटच्या दोनेक मिनिटांत टॉमी हॉडसनने एडी फुलरकडे चेंडू फेकला, एलएसयू ७-६ असं जिंकलं, आणि लोक असे उसळले की विद्यापीठाच्याच भूकंपमापकावर रेघ उमटली. तो सामना आजही 'भूकंपाचा सामना' म्हणून ओळखला जातो. मिसिसिपी स्टेट या त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचे लोक गुरांच्या गळ्यातली घंटा घेऊन येतात. एसईसीने १९७४ मध्ये अशा साधनांवर बंदी घातली. घंटा कोटाच्या आत लपून येत राहिल्या. अखेर २०१० मध्ये तोडगा निघाला, की वाजवा, पण चाल सुरू व्हायच्या वेळी हात आवरा. पोळ्याच्या बाजारातली ओळखीची किणकिण पन्नास हजार पट करून ऐका, म्हणजे पाहुण्या क्वार्टरबॅकची कीव येईल.

हा उत्साह आपोआप येतो असं बाहेरच्याला वाटतं. मीही तसंच समजत होतो. आमच्या विद्यापीठात राहून कळलं, की तो पेरावा लागतो, आणि पेरणीची रीत एकच आहे. प्रत्येकाला काहीतरी काम द्यायचं.

टेक्सास ए अँड एमचे विद्यार्थी स्वतःला 'बारावा गडी' म्हणवतात. त्यामागची गोष्ट २ जानेवारी १९२२ ची. डॅलसमध्ये केंटकीच्या बलाढ्य सेंटर कॉलेजशी सामना होता. आमचे खेळाडू एकामागून एक जखमी व्हायला लागले आणि राखीव फळी संपत आली. प्रशिक्षक डाना बायबल यांना आठवलं, की ई. किंग गिल नावाचा पोरगा वर पत्रकारांना खेळाडू ओळखून द्यायला बसलाय. तो आधी संघात होता, पण बास्केटबॉलसाठी फुटबॉल सोडलेला. त्याला खाली बोलावलं. जखमी खेळाडूचा गणवेश घालून गिल बाजूला उभा राहिला, शेवटपर्यंत. त्याला खेळावं लागलंच नाही. संघ २२-१४ असा जिंकला.

गोष्टीतला कळीचा मुद्दा हा, की त्याने काहीच केलं नाही. तो तयार उभा राहिला. शंभर वर्षांनंतरही आमच्या स्टेडियममध्ये, काइल फील्डवर, विद्यार्थ्यांच्या भागात तीस हजारांवर पोरं सामनाभर बसत नाहीत. बाकं असतात, त्यांच्यावर उभं राहतात. बसलेल्याला कुणी ओरडत नाही. फक्त आजूबाजूचे सगळे उभे असल्यामुळे त्याला समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. (या नावावर विद्यापीठाचा ट्रेडमार्क आहे, आणि २००६ मध्ये सिएटलच्या एनएफएल संघाला त्यासाठी कोर्टात खेचलं होतं. नंतर तडजोड झाली. प्रेम असलं तरी कागदपत्रं चोख हवीत.)

तयारी आधीच्या आठवड्यात सुरू होते. विद्यार्थ्यांना तिकीट घ्यायला खिडकीवर रांग लावावी लागते. शेवटच्या वर्षाचे आणि आम्ही पदव्युत्तरवाले सोमवारी, मग वर्षाप्रमाणे उतरत्या क्रमाने रोज एकेक, नवे विद्यार्थी गुरुवारी. मोठा सामना असेल तर पोरं आदल्या दिवसांपासून तंबू ठोकून झोपतात. ही गैरसोय सहज टाळता येईल, सगळं ॲपवर आणता येईल. पण रांगेत काढलेल्या रात्रीनंतर सामना हुकवायची कुणाची प्राज्ञा नाही.

मग शुक्रवारी मध्यरात्री 'मिडनाइट येल'. येल म्हणजे घोषणा. सामन्याच्या आदल्या रात्री हजारो माणसं रिकाम्या मैदानाकडे तोंड करून स्टेडियममध्ये उभी राहतात आणि ओरडण्याचा सराव करतात. ऐकायला हास्यास्पद वाटतं, तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. आमच्याकडे नाचणाऱ्या चीअरलीडर नाहीत. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले पाच येल लीडर असतात. ते मैदानाच्या कडेला हाताने खूण करतात, पुढच्या रांगा तीच खूण मागे देतात, ती लाटेसारखी वरपर्यंत जाते, आणि मग सगळे गुडघ्यावर हात टेकून, वाकून एका सुरात ओरडतात. कंबर वाकवल्याने छातीतून आवाज मोठा निघतो, हे शास्त्र. शेवटी दिवे मालवतात आणि ज्याच्या सोबत कुणी असेल त्याने तिचं किंवा त्याचं चुंबन घ्यायचं. एकटे असलेले लायटर पेटवून धरतात, म्हणजे अंधारात दुसरा एकटा दिसावा. आता लायटरच्या जागी मोबाइल असतात. मी दोन वर्षं मोबाइलच धरला.

संघटित ओरडण्याची ही कल्पना जुनी आहे. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटात जॉनी कॅम्पबेल हा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर येऊन घोषणा द्यायला लागला, तिथून ती सुरू झाली असं मानतात. संघ तेव्हा सारखा हरत होता. जिंकणाऱ्या संघाला ओरडणारा नेमावा लागला नसता.

या साऱ्या वेडाची किंमतही आमच्या कॅम्पसने मोजली आहे. टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी विद्यार्थी स्वतः लाकडं तोडून, रचून अवाढव्य होळी उभारायचे. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास ती रचना काम चालू असतानाच कोसळली. बारा जण गेले, त्यातले अकरा विद्यार्थी, एक माजी विद्यार्थी. विद्यापीठाची अधिकृत होळी त्यानंतर पेटली नाही. त्या जागी आज स्मारक आहे, मृतांपैकी प्रत्येकाच्या गावाच्या दिशेने एकेक दार उघडणारं. शनिवारच्या गोंगाटातही तिथे गेलात तर माणसं आवाज खाली आणतात.

मोठ्या विद्यापीठांसमोर आज वेगळाच पेच आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सामन्यांच्या प्रसारणावरची एनसीएए या नियामक संस्थेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून घरात बसून दिवसभर फुकटात, वातानुकूलित सामने बघता येतात. सामना किती वाजता हेसुद्धा टीव्ही ठरवतो, अनेकदा बारा दिवस आधी, कधी तर सहाच दिवस आधी. ब्रिस्केटवाल्या काकांचा सगळ्यात मोठा राग यावर होता. सामना सकाळी अकराचा पडला की रात्रीची भट्टी वाया. मग अंडी, टॉर्टिया आणि जांभया.

घरच्या सोफ्याशी स्पर्धा करताना विद्यापीठं काय काय करतात बघा. अलाबामाचा संघ इतका जिंकायचा, की निकाल मध्यंतरालाच लागायचा आणि विद्यार्थी उठून जायचे. प्रशिक्षक निक सेबन वैतागले. २०१९ मध्ये विद्यापीठाने ॲप काढलं. फोनचं ठिकाण बघून ते ठरवायचं, की पोरगा चौथ्या टप्प्यापर्यंत स्टेडियममध्ये आहे का. असला तर जादा गुण, आणि गुणांवर पुढच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. हजेरीची सक्ती असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या आम्हा लोकांना हे फार ओळखीचं वाटलं, आणि प्रॉक्सी कशी लावायची हेही लगेच सुचलं.

याच्या उलट आयोवा. किनिक स्टेडियमला लागून लहान मुलांचं रुग्णालय आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या काचेतून मैदान दिसतं. कुणा चाहत्याने फेसबुकवर सुचवलं, की पहिला टप्पा संपला की आपण सगळ्यांनी वळून वर त्या पोरांना हात करूया. त्या मोसमापासून प्रत्येक सामन्यात ते होतं. सत्तर हजार माणसं मैदानाकडे पाठ फिरवतात, पाहुण्या संघाचे खेळाडूही, पंचही, आणि काचेमागून सलाइन लावलेले छोटे हात हलतात. यासाठी ॲप लागलं नाही आणि गुण लागले नाहीत.

उत्साह हाताबाहेर जातो तेव्हाचं चित्रही पाहण्यासारखं असतं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने, ज्यांची हरण्याचीच ख्याती, अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. लोक मैदानात घुसले, गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन शहरातून मिरवला आणि कंबरलँड नदीत नेऊन विसर्जन केलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. एसईसीने विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड केला. पुढच्या वर्षी ही रक्कम पाच लाख केली.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या खेळाडूंना? २०२१ च्या जुलैपर्यंत स्वतःच्या नावाची सही विकून पैसे घेतले तरी कारवाई व्हायची. प्रशिक्षक कोट्यधीश, टीव्हीचे करार अब्जावधींचे, आणि मैदानावर डोकं आपटणारा एकोणीस वर्षांचा पोरगा 'हौशी'. त्या वर्षी नियम सैल झाले, आणि २०२५ पासून विद्यापीठं उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतात. हे आधीच व्हायला हवं होतं. काकांना हे पटत नाही. पैसा आला की पोरं दर वर्षी संघ बदलतात, त्यांची नावं पाठ व्हायच्या आत निघून जातात, असं त्यांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे, कारण खेळाडू संघ बदलतातच. पार्किंगमधली माणसं मात्र तीच राहतात.

त्या पहिल्या शनिवारी रात्री अकरा वाजता मी स्टेडियममधून बाहेर आलो, घसा बसलेला, आणि पाय आपोआप त्या पिकअपकडे वळले. रस्ते गाड्यांनी तुंबले होते. तास-दीड तास कुणी हलणार नव्हतं, त्यामुळे कुणी घाईतही नव्हतं. काकांनी निखारे डब्यात काढून त्यावर बर्फाचं उरलेलं पाणी ओतलं, टीव्हीची वायर गुंडाळली, खुर्च्या आत टाकल्या. मुलगी आणि जावई वाद घालत होते, तिसऱ्या टप्प्यातल्या कुठल्याशा चालीवरून. काकांनी मला हाक मारून फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. कणीस होतं, दोन. मग फाळका वर उचलून खट्कन लावला, आणि "पुढचा सामना पंधरवड्याने, इथेच," असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत.